रतनच्या मागच्या दारी

वरवे बुद्रुक
१ सप्टेंबर २०२४

रतन,

जय भीम. त्याच्या आधी एरवी ‘सप्रेम’ लिहिते, आज लिहीत नाही. खोटं लिहायला मी अक्षर शिकले नाही.

मोबाईलवर तू मला बंद करून टाकलंस. लावला की एक बाई तेच तेच इंग्रजीत बोलते. तुझं शिवरे नि माझं वरवे, मधे रिक्षात बूड टेकतंय तोवर उतरायची वेळ येते. पण तुझ्या दाराची पायरी मी आता चढणार नाही. म्हणून नसरापूरच्या पोस्टात टाकते. पोस्टमनला तरी तू हाकलणार नाहीस.

काल दुपारी पोरांना घेऊन विहारात गेले, तर अभ्यासिकेच्या दाराला कुलूप. नवं कोरं, पिवळंधमक. माझ्या मागं रत्ना उभी. तुझ्या हॉटेलातल्या आचाऱ्याची, मानसिंगची पोरगी. नेपाळहून आली तेव्हा माझ्या कमरेला लागत होती, आता माझ्या डोक्यावरून बघते. तिच्यामागं तुझ्या भटारखान्यातली ओडिशाची दोघं, भांडी घासून बोटं पांढरी पडलेली. कमिटीचा अजित तिथंच घुटमळत होता.

“अरे, किल्ली कुठाय?” मी विचारलं.

तो जमिनीकडं बघत म्हणाला, “काकू, अध्यक्षांकडं हाय. मीटिंग झाली परवा. बाहेरच्या पोरांनी विहाराचं पावित्र्य राहत न्हाई, असं म्हणले रतनशेठ.”

पावित्र्य! रतन, हा शब्द तुझ्या तोंडात आला कुठून? हाच शब्द ऐकून ऐकून आपली माणसं तिकडून उठून इकडं आली ना? तुझे वडील शाळेच्या पायरीवर बसून शिकले. आत घेत नव्हते. मास्तर आत फळ्यावर लिहायचा, हे बाहेरून मान वाकडी करून बघायचे. म्हातारपणीसुद्धा त्यांची मान डावीकडं कललेली असायची. त्याच पायरीवर तू या पोरांना उभं केलंस. बापाची मान विसरलास, बापाच्या नावानं दिलेली देणगी मात्र भिंतीवर कोरून घेतलीस.

खरं काय ते मला ठाऊक आहे. पोरसवदा स्वरूप तुझ्याकडं कांदे चिरायचा. माझ्याकडं वाचायला शिकला, भोरला आयटीआयला लागला, तुझा चाकू ठेवून चालता झाला. तेव्हापासून तुला धास्ती बसलीय. म्हातारीकडं गेलेलं पोर परत चुलीपुढं बसत नाही, हे तू ओळखलंस. पावित्र्य कशाचं, तुला कांदे चिरायला माणूस पाहिजे.

रत्नाचा सतरा नंबरचा फॉर्म मी भरून घेतलाय. शाळा सुटलेल्या पोरांना बाहेरून दहावीला बसता येतं, तो. फेब्रुवारीत परीक्षा. तिला पुढं दवाखान्यातलं काम शिकायचंय, त्याला दहावी पाहिजेच. बसली तर तिचं आयुष्य तिच्या हातात येईल. नाही बसली तर तुझ्या तव्यापुढं म्हातारी होईल, आणि तुला तेच हवंय.

ऐकून ठेव. याचा सूड मी घेणार. राग धरू नये, हे दर पौर्णिमेला वंदनेला बसून मीही ऐकते. पण तथागतांना तुझ्यासारखा दीर नव्हता.

तुझी वहिनी,
भामाबाई


वरवे बुद्रुक
६ ऑक्टोबर २०२४

रतन,

पत्राचं उत्तर आलं नाही, लसूण आला.

कुलूप लावलंस तर मी माझ्या ओसरीवर वर्ग भरवला. दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की पोरांना दोन घटका मोकळ्या असतात, तेवढ्यात रिक्षानं यायची नि जायची. हे तुला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच वेळेला तुझ्या परसात लसणाचं पोतं सुटलं. “सोलल्याशिवाय उठायचं न्हाई.” तुला वाटलं, म्हातारी आता ओसरीवर एकटी माश्या मारत बसंल.

मग मीच आले. तुझ्या दाराची पायरी चढणार नाही म्हणाले होते, ते पाळलंय. मागच्या दाराला पायरी नाही.

पाट मांडला, पदर खोचला, नि बसले पोत्यापुढं. नियम असा केलाय की एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी सोलायचं. वाचणाऱ्याच्या वाट्याचा लसूण मी सोलते. रत्ना विज्ञान वाचते, तेव्हा तुझं अर्धं पोतं माझ्याच नखांनी जातं. ओडिशाच्या थोरल्याला ‘ळ’ वाचता येत नव्हता, आता मुद्दाम ‘डाळ, गूळ, केळं’ असं ओरडत भांडी घासतो. ऐकू येत असेल तुला गल्ल्यावर.

पहिल्या दिवशी संजीवनी पळत आली. तुझी बायको, माझी धाकटी जाऊ; पण तुझ्या शब्दाबाहेर पाऊल नाही.

“वैनी, अवो हे काय मांडलंय? गिऱ्हाईक बघतंय!”

“बघू दे की. दिराच्या घरी लसूण सोलते, चोरी न्हाई करत.”

“ह्यांना कसं दिसंल ते?”

“त्याला दिसावं म्हणूनच बसलेय बाई. तू ये, बस. तुझी नखं चांगली हायेत.”

बसली नाही. पण लगेच गेलीही नाही. दाराला टेकून उभी राहिली, रत्ना वाचत होती तोवर.

आणि परवाचं तर तुला ठाऊकच आहे. पुण्याचा एक साहेब हात धुवायला मागं आला. म्हणाला, “आजी, या वयात काम करता?” मी म्हटलं, “काय करू बाबा, मालकाची वहिनी आहे मी. सोलावं लागतंय.” त्यानं माझा फोटो काढला. मी पदर सारखा करून नीट बसले. तू गल्ला सोडून फ्रीजच्या मागं जाऊन उभा राहिलास. तुझे बूट दिसत होते रे.

नाकाला झोंबलं ना? अजून झोंबेल.

एक सांगते. लग्न होऊन आले तेव्हा तू दुसरीत होतास. मी चुलीपुढं, तू पाटी घेऊन माझ्या शेजारी. भाकरीचा गरम पापुद्रा तुला फार आवडायचा. एका पापुद्र्याला एक अक्षर, असा तुझा भाव. ‘ज्ञ’ला दोन घेतलेस, अवघड आहे म्हणून. तुझे दादा हसायचे, “वैनीला मास्तर मिळाला.” मला शाळा माहीत नाही, मला तूच माहीत. तू शिकवलेलंच अक्षर आता तुझ्या अंगावर सोडतेय. दुसऱ्या कुणाकडून शिकले असते तर तुला एवढं लागलं नसतं, आणि मलाही नाही.

उद्या भूमिती आहे. लसूण जरा मोठ्या पाकळ्यांचा आण.

भामाबाई


वरवे बुद्रुक
१२ जानेवारी २०२५

रतन,

तू सोललेला लसूण विकत आणायला लागलास तेव्हा मी पोट धरून हसले. परसात बसून सगळ्यांना सांगितलं, “शेठ हरला. म्हातारीच्या नखांना भिऊन पाकिटं आणली.” पोरं हसली, मानसिंग हसला. हसायला नको होतं. साप डिवचला की फण्याकडं बघायचं असतं.

सोमवारी परसात आले तर रत्ना नाही.

मानसिंग कढईपुढं उभा होता. झारा हातात, कढई रिकामी.

“बेटी कुठाय रे?”

“वेल्हे. मालक बोलला आज्जी, नवीन जागा हाय, पाहुणे लोक येते, तीन-चार दिवस भाकरी करायला भेजो. मी हो बोलला.” त्यानं झारा रिकाम्या कढईत टाकला. “ती गेल्यावर बोलतो, सीझन खतम होने तक. फोन पण नाय लागत तिकडे.”

सीझन संपेपर्यंत म्हणजे उन्हाळा. परीक्षा फेब्रुवारीत. हिशोब बरोबर केलास.

डोंगराखाली तंबू ठोकलेस नि पुण्याची माणसं तिथं थंडीत कुडकुडायला येतात, हे मी ऐकून होते. आपल्या आयाबाया जन्मभर फाटक्या छपराखाली कुडकुडल्या, त्याचं कुणी कौतुक केलं नाही. असो. मी नसरापूरला आले, वेल्ह्याची एसटी धरली, तिथून चालत वर गेले. गुडघे तुझ्या नावानं बोटं मोडत होते. पिशवीत रत्नाची सगळी पुस्तकं होती.

फाटकावर संजीवनी. तूच तिला तिथं ठेवलीस, पोरीवर नजर ठेवायला. परक्या माणसावर तुझा भरवसा नाही, आणि बायको तर तुझ्या शब्दाबाहेर नाही.

“वैनी, परत जावा. कुणालाबी आत सोडू नको, असं सांगितलंय ह्यांनी.”

“तू काय राखणदार हायेस का?”

“व्हय.”

“मग चांगलं राख.”

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी हाक मारली. आवाज थांबला. संजीवनीनं मागं वळून बघितलं फक्त, तर पुन्हा सुरू झाला. एवढा धाक घातलाय त्या पोरीला.

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी तो वाटेवर उपडा केला. आपल्या माणसांत पाणी नाकारणं काय असतं ते तुला सांगायला नको. मुद्दाम केलं. पुस्तकांची पिशवी तिच्या पायाशी टाकली नि म्हटलं, “घे, चुलीला जाळ लाव याचा.” आणि उतरले.

आता माझं ऐक. परीक्षेच्या सकाळी मी टेम्पो घेऊन येणार. मानसिंग असंल, तुझीच पोरं असतील. फाटक मोडायला लागलं तर मोडू. तुला पोलीस बोलवायचे तर बोलव. शेठनं पोरीला परीक्षेपासून कोंडून ठेवलंय, हे मीच त्यांना सांगेन, आणि विहाराच्या अध्यक्षाचं नाव नीट स्पष्ट सांगेन.

आणि दुसरं. तुझ्या समोरच्या बाजूला सिद्धनाथनं हॉटेल टाकलंय. चव नाही म्हणून गिऱ्हाईक नाही. मी त्याच्याशी बोलून आले. मेंढरांमागं वाढलेला माणूस आहे, आडपडदा नाही. म्हणाला, “मावशी, मानसिंग आला तर मी त्याला खांद्यावर घिऊन नाचीन.” मी म्हटलं, “नाचू नको. पोरांना दुपारी मोकळं सोड, एवढंच कर.” तो म्हणाला, “सोडतो की. दुपारी मी सोता झोपतो.”

लोकं तुझ्याकडं रश्श्यासाठी येतात, तुझ्या तोंडाकडं बघून नाही. तो रस्सा मी उचलून रस्त्याच्या पलीकडं ठेवणार. वास तुझ्यापर्यंत येईल, तेवढा घे.

भामाबाई


वरवे बुद्रुक
२२ फेब्रुवारी २०२५

रतन,

काल उजाडताच टेम्पो घेऊन तुझ्या वेल्ह्याच्या फाटकापुढं उभी होते. पुढं मी, मागं मानसिंग नि पोरं, हातात पहार.

फाटक उघडं. आत कुणी नाही. चूल थंड.

मला वाटलं, माझं पत्र वाचून तू पोरीला आणखी आत कुठंतरी हलवलीस. शहाणपणानं गप्प बसायचं सोडून मी तुला बेत कळवला होता! रस्त्यावर मांडी घातली नि तुला शिव्या दिल्या. तुझ्या सात पिढ्या काढल्या. मग लक्षात आलं, वरच्या पिढ्यांत माझे सासू-सासरे येतात, म्हणून खालच्याच काढल्या. मानसिंग मला उठवत होता आणि स्वतः रडत होता. “आज्जी, चलो. स्कूलमधे सांगू, बेटी येऊ शकत नाय.”

नसरापूरला शाळेपाशी आलो. फाटकाबाहेर पोरापोरींची ही गर्दी, आया-बापांची त्याहून. आणि कुंपणाच्या भिंतीला टेकून तुझी बायको बसलेली. शेजारी रत्ना, वेणी घट्ट घातलेली. संजीवनीच्या हातात मराठीचं पुस्तक.

“आता वाक्प्रचार सांग,” ती विचारत होती. “‘हातावर तुरी देणे’.”

“फसवून पळून जाणे,” रत्ना म्हणाली.

“वाक्यात उपयोग?”

रत्ना गालात हसली. “संजीवनीकाकूंनी शेठच्या हातावर तुरी दिल्या.”

“मेले, पेपरात लिहू नको हां हे!”

मी पुढ्यात जाऊन उभी राहिले. संजीवनी म्हणाली, “पहिल्या एसटीनं आलो वैनी. तुमीच म्हणालता, चांगलं राख. राखली.”

मग पोरं आत गेल्यावर सांगायला लागली. पुस्तकांची पिशवी तिनं चुलीत घातली नव्हती. पहिले काही दिवस नुसती कोपऱ्यात होती. मग रत्ना भाकरी थापता थापता पाठ म्हणायची. संजीवनीला ऐकायचा नाद लागला. मग हिनं भाकरी थापायच्या, तिनं वाचायचं. लसणाचा नियम, रतन! पोरीनं तोच चालवला तिथं. “एक दिस तिनं न्हाई वाचलं तर माझं लक्ष लागंना वैनी, भाकरी करपली,” म्हणाली. “त्यो इतिहासाचा धडा अर्धा ऱ्हायला हुता. पुढं काय झालं, ह्ये कळाया नको?”

तुला वाटलं, सगळ्यात विश्वासाचं माणूस राखणीला बसवलंय. दोन बायका, एक चूल आणि एक पुस्तक यांना दीड महिना डोंगरात कोंडून ठेवलंस, आणि काही होणार नाही असं धरून चाललास! घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. तुझा वासा आधी फिरला.

आणि तू आला होतास. नाही म्हणू नकोस, पांढरी गाडी मी ओळखते. फाटकापाशी थांबली, काच खाली झाली. संजीवनी उठली नाही, डोक्यावरचा पदरसुद्धा पुढं ओढला नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, “काय वो, आता का आलाय? डबा आणलाय का पोरीला?” आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. काच वर गेली.

मी पहार घेऊन आले होते, आणि तिनं एका डब्याच्या प्रश्नावर तुला परत पाठवलं. सूड माझा होता. बघता बघता तिनं माझ्या हातातून घेतला. जरा वाईट वाटलं, लपवत नाही.

पण माझ्या वाट्याचा मी सोडलेला नाही. मानसिंगनं आज सकाळी तुझा झारा जागेवर ठेवला. पोरं त्याच्या मागोमाग रस्ता ओलांडून गेली. तू गल्ल्यावरून बघत होतास म्हणे. बघ. पेपर अजून बरेच आहेत, रत्ना रोज माझ्या ओसरीवरून जाईल.

भामाबाई


वरवे बुद्रुक
१८ मे २०२५

रतन,

तुझी चिठ्ठी अजितनं आणून दिली. इतक्या महिन्यांत पहिली, ती पण चार ओळींची. अक्षर अजून तसंच आहे, दुसरीतल्यासारखं, रेघ सोडून वर जाणारं. आता उत्तर.

‘झालं गेलं विसरा’ म्हणतोस. नाही विसरत. ज्याच्या अंगावर दार लागतं त्यानं विसरायचं असतं, लावणाऱ्यानं सांगायचं नसतं. माफी मागायची तर रत्नाकडं जा. ती आत बोलावेल की नाही, मी सांगू शकत नाही. मी असते तर नसतं बोलावलं.

ती पास झाली, हे तुला कळलंच असेल. सिद्धनाथनं येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांना पेढे वाटले, जशी काही त्याचीच लेक. मराठीत तुझ्या नातवापेक्षा जास्त मार्क आहेत. नातवाचं काही वाईट वाटून घेऊ नकोस, त्याला पाठव माझ्याकडं, तोही पोरगा गुणी आहे. पण दुपारी बसायला लागेल, सगळ्यांबरोबर, सतरंजीवर.

‘मानसिंगला समजावा, परत पाठवा’ म्हणतोस. तो काय मी उसनं आणलेलं पातेलं आहे, परत पाठवायला? त्याला पाय आहेत. तिकडं त्याला वस्ताद म्हणतात आणि रात्री पोरगी घरात झोपलेली दिसते, वर्गात शिकवून दमलेली. मी सांगितलं तरी येणार नाही. आणि मी सांगणारही नाही.

अभ्यासिकेचं कुलूप निघालं. कुणी मीटिंग घेतली, काय ठराव केला, असलं काही विचारू नकोस. तुझ्या जुडग्यातून एक किल्ली कमी झालीय एवढंच. अजितनं हळूच विचारलं, “काकू, अध्यक्षांची परवानगी?” संजीवनी दारातच उभी होती, हातात झाडू. म्हणाली, “अध्यक्षांना म्हणावं, परवानगी घ्यायला या.” तो बिचारा सतरंजी झटकायला लागला.

आता शेवटचं. तुझ्या चौथ्या ओळीबद्दल. ‘संजीवनी दुपारची कुठं जाते, तुम्हाला माहीत असेल तर सांगा.’

तुला खरंच कळलं नाही? एवढी वर्षं तिच्या हातचं खाल्लंस. वेल्ह्याहून आली ती तीच राहिली नाही, एवढंही दिसलं नाही तुला?

ती अभ्यासिकेत माझ्याकडं असते. रत्नाशेजारी बसते. रत्ना आता शिकवते, मी नुसती काठी धरून बसते आणि झोप आली तर डोळे मिटते. संजीवनी सातवीतून उठली होती लग्नाला, तुला आठवत नसेल. तिला आठवतं. आता सतरा नंबरचा फॉर्म भरायचा म्हणते. गणिताला भिते, पण बसून राहते. चुकलं की रत्ना तिला ओरडते, आणि ही मान खाली घालून पुन्हा करते. तुझ्यापुढं घालायची तसली मान नाही ती. बघून जीव निवतो.

हा सूड मी रचला नाही, देवाशपथ म्हणणार होते, पण आपल्यात ती शपथ चालत नाही. मी फक्त कुलपाचा सूड घ्यायला निघाले होते. मला एवढंच पाहिजे होतं की तुला झोंबावं. ही तर तुझी बायको आहे आणि ती आनंदात आहे. याहून जास्त तुला काही करणं मला जमलं नसतं.

तेव्हा गल्ल्यावरून उठ. तुझ्या भटारखान्यात आता कुणी नाही, घरात पण दुपारी कुणी नसतं. चहा लागेल तर तुझा तू कर. साखर कुठं आहे ते विचारायला फोन करू नकोस, वर्ग चालू असतो.

आणि दूध ठेवून बाहेर जाऊ नकोस. ते उतू जातं. उभं राहावं लागतं तिथं.

भामाबाई